उसाचं पेट्रोल, जुन्या गाडीचं रबर

एमएच-२५ची पाटी, टाकीवरचा उडालेला रंग, सीटला रेग्झिनचं ठिगळ आणि दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. भूमकडे भल्या सकाळी खव्याच्या भट्टीवर निघालेल्या अशा गाड्या बघितल्या की कळतं, आपल्याकडे गाडी म्हातारी होते, पण निवृत्त होत नाही. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्यात दुचाकी बनू लागली. १९९४मध्ये स्प्लेंडर आली. त्या पिढीतल्या गाड्या आजही शेतात, बाजारात, तुळजापूरच्या घाटात दिसतात. सीडी १००च्या गाजलेल्या जाहिरातीत टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असा सल्ला होता. आपण तो जरा जास्तच मनावर घेतला. टाकीच्या पोटाखालचा दोन बोटांएवढा कॉक आपण खरोखरच विसरून गेलो.

त्या कॉकची, त्याखालच्या रबरी पाइपची आणि कार्बोरेटरमधल्या सुईची आठवण काढायची वेळ आता आली आहे. कारण आपल्याच शिवारात उगवतं.

ढोकीचा तेरणा, रांजणीचा नॅचरल शुगर, चोराखळीचा धाराशिव कारखाना. धाराशिव जिल्ह्याच्या उसाचा हिशेब अशाच नावांभोवती फिरतो. कारखाना म्हणजे फक्त साखर, हे समीकरण केव्हाच मोडलं; उसापासून इथेनॉलही होतं. चोराखळीच्या कारखान्याने २०२१च्या कोरोना लाटेत इथेनॉल प्रकल्पाच्या यंत्रणेत फेरफार करून ऑक्सिजन तयार केला, तेव्हा देशभर त्याची बातमी झाली होती. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा पथदर्शी प्रयोग २००१मध्ये ज्या तीन ठिकाणी झाला, त्यातली मिरज आणि मनमाड ही दोन आपल्या महाराष्ट्रातलीच. २००३पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आलं. पुढची बरीच वर्षं ते रेंगाळलं. जून २०२२मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३मध्ये २० टक्क्यांचं पेट्रोल बाजारात उतरलं आणि २०२५पर्यंत ते देशभर पोचलं. म्हणजे आज तुम्ही लिटरभर पेट्रोल घेता, तेव्हा त्यात साधारण २०० मिली इथेनॉल असतं.

ते डोळ्यांनी बघायचं असेल तर एक जुनी साधी चाचणी आहे. उभ्या मापाच्या काचेच्या नळीत ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घ्यायचं, बूच लावून हलवायचं आणि स्थिर ठेवायचं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी प्रिय. ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि तळाचा थर १० मिलीवरून २८च्या आसपास जातो. (हे उघड्यावर करायचं, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतायचं नाही.)

जुन्या गाडीचं दुखणं या नळीतच दिसतं. इथेनॉल ओलावा धरतं. थोडं पाणी ते पोटात घेतं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. आता आपली सवय आठवा. पंपावर जाऊन ‘शंभरचं टाक’ म्हणायचं आणि कॉक बारा महिने रिझर्व्हला ठेवायचा. कॉकच्या आत दोन तोंडं असतात. उंच नळी ‘ऑन’ची, आणि तळाशी असलेलं तोंड रिझर्व्हचं. रिझर्व्हवर चालणारी गाडी कायम तळाचं पिते. गंज, गाळ, पावसाळ्यात झाकणातून झिरपलेलं पाणी, सगळं आधी तिच्याच वाट्याला. टाकी रिकामी राहिली की वरच्या पत्र्याला दमट हवा लागते आणि गंज आणखी चढतो. पैशाची अडचण समजू शकतो, पण निदान टाकी अर्धी असताना कॉक ‘ऑन’वर ठेवायला काही खर्च नाही.

दुसरी गोष्ट रबराची. जुन्या गाड्यांतली वॉशरं, ओ-रिंग आणि पाइप साध्या पेट्रोलचा विचार करून बनवलेली. इथेनॉलने काही रबर फुगतं, काही कडक होऊन तडकतं. एप्रिल २०२३पासूनच्या गाड्यांत या मिश्रणाला टिकणारं साहित्य वापरलं जातं; त्याआधीच्या बहुतेकांचं तसं नाही. पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५मध्ये खुलासा करताना मान्य केलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. वर हेही म्हटलं की ते स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं. ॲव्हरेजचं म्हणाल, तर नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात जुन्या धर्तीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली होती. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, त्यामुळे घट ही व्हायचीच. ब्राझीलमध्ये १९७५पासून उसाचं इथेनॉल गाड्यांत जातंय, पण तिथल्या गाड्याही त्या इंधनाबरोबर बदलत गेल्या. आपल्याकडे इंधन पुढे गेलं आणि गाडी मागे राहिली. उसाला गिऱ्हाईक मिळालं हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच ऊसवाल्याच्या स्प्लेंडरखाली पेट्रोलचा थेंब का लोंबतोय, हे त्याला पंपावर कुणी सांगत नाही.

थेंब कुठून येतो ते आधी शोधायचं. कॉकच्या दांड्याभोवती ओलं असेल तर आतलं भोकांचं रबर गेलं. टाकी आणि कॉक जिथे भेटतात तिथे ओलं असेल तर ओ-रिंग. गाडी उभी असताना कार्बोरेटरच्या खालच्या बारीक नळीतून टिपटिप चालू असेल, तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय. म्हणजे पातळी भरली की पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाही. गाडी चार-पाच किलोमीटर चालून बंद पडते आणि थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते, तेव्हा सगळे प्लगला दोष देतात. त्या वेळी टाकीचं झाकण उघडून बघा. झाकण उघडताच गाडी सुरळीत झाली तर झाकणाचं हवेचं छिद्र मातीने बुजलंय. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत हे फार होतं, आणि त्यावर उपाय फुकटचा आहे. एक खूण मात्र गंभीर: इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि काडीला पेट्रोलचा वास आला, तर सुई गेलीय, कॉकही उघडा राहिलाय किंवा गळतोय आणि पेट्रोल इंजिनात उतरलंय. अशी गाडी सुरू करायची नाही. आधी ऑइल बदलायचं.

कॉक बदलणं हे घरी होण्यासारखं काम आहे, कारण जुन्या मोटरसायकलला पेट्रोलचा पंप नसतो. पेट्रोल वरून खाली आपल्या वजनाने येतं. एप्रिल २०२०नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो आणि नळीत दाब असतो. त्यांना हात लावू नका. चेतकवाल्यांचीही गोष्ट वेगळी: तिथे कॉक काढायला टाकी उतरवावी लागते आणि लांब खास पाना लागतो. ते मिस्त्रीकडेच बरं.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. जागा उघडी पाहिजे, वाड्याचा बोळ किंवा बंद गोठा नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकते, मोरीत साचते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांतसुद्धा पेटण्याजोगी वाफ सोडतं, त्यामुळे थंडी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. दिवाळीच्या दिवसांत तर अंगणात पणत्या आणि गल्लीत फटाके. हे काम भाऊबीज उलटल्यावर काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर ते पाण्यावर तरंगत पसरतं. पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढा, पाण्याच्या बाटलीत नाही. आणि नळी तोंडात धरून ओढण्याची गावठी युक्ती कायमची सोडा. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तर दवाखाना गाठावा लागतो.

आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा: नळी कशी वळली आहे, क्लिप कुठे आहे. कॉक रिझर्व्हला करून टाकी डब्यात रिकामी करा. टाकी उतरवून गोणपाटावर आडवी ठेवली की कॉक वर येतो आणि काम सोपं होतं. काही गाड्यांत तो १० नंबरच्या पान्याने दोन बोल्टांवर सुटतो, काहींत एका मोठ्या नटावर. बाहेर आला की त्याची जाळी बघा. जुन्या गाडीत ती बहुतेक वेळा तांबूस चिखलाने भरलेली असते. टाकीत अर्धा लिटर पेट्रोल घालून हलवा आणि पांढऱ्या फडक्यातून गाळून ओता. फडकं लाल होत असेल तोवर पुन्हा करा. हे पेट्रोल गाडीत वापरायचं नाही, आणि ते गटारात, विहिरीजवळ किंवा मातीतही ओतायचं नाही; झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या हवाली करा.

नवा कॉक आणायला जाताना जुना खिशात घाला. दिसायला सारखे असले तरी नळीची उंची वेगळी असते, आणि रिझर्व्हचा अंदाज त्याच उंचीवर अवलंबून. ओ-रिंग नवीच घाला. गळती थांबावी म्हणून सांध्यावर लांबी किंवा डिंकासारखं काही थापू नका. पेट्रोलमध्ये त्याचे तुकडे सुटतात आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतात. बोल्ट आलटूनपालटून, हलक्या हाताने आवळा. कॉकचं अंग नरम धातूचं असतं, जोर लावला की आटे जातात.

पाइपच्या बाबतीत आपल्याकडे एक वाईट खोड आहे. हार्डवेअरच्या दुकानातली गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप मीटरवर आणायची आणि लावून मोकळं व्हायचं. पेट्रोल दिसतं म्हणून छान वाटतं. थोड्याच काळात ती पिवळी पडते, काठीसारखी ताठ होते आणि टोकाला चिरते. खाली गरम इंजिन असतं. पेट्रोलसाठीचीच रबरी पाइप मागा, आणि इथेनॉलला चालणारी आहे का ते विचारून घ्या. ती वरून खाली सरळ उताराची हवी. मध्ये उंचवटा झाला तर हवा अडकते आणि गाडी गचके देते.

सुईचं काम थोडं नाजूक. कार्बोरेटरची खालची वाटी स्क्रूंवर असते. ती काढली की फ्लोट दिसतो आणि त्याची बारीक पिन सरकवली की सुई हातात येते. सुईचं टोक नखाने तपासा. त्यावर गोल खाच लागत असेल तर सुई बदला. जेट घाणीने बुजलं असेल तर हवा मारा, तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी गाडी पेट्रोल ढोसू लागते. वाटी परत लावताना जुनं गॅस्केट ताणून बसवायचा मोह होतो; फुगलेलं गॅस्केट बसत नाही, नवं घ्या.

सगळं लागलं की लगेच किक मारू नका. ‘ऑन’ची उंच नळी बुडेल एवढं पेट्रोल घालून गाडीखाली जुना पेपर पसरा. कॉक बंद ठेवून थोडा वेळ, मग ‘ऑन’वर, मग रिझर्व्हवर. तिन्ही वेळा पेपर कोरडा राहिला तरच बॅटरी जोडा.

ट्रॅक्टर आणि जुन्या जीपवाल्यांना या भानगडीतून सूट आहे, कारण डिझेलमध्ये हे २० टक्के इथेनॉल नाही. त्यांचा नेहमीचा त्रास हवेचा. फीड पंप किंवा फिल्टर बदलला की सिस्टिम एअर धरते. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करायचा, हातपंप दाबत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की दाबता दाबताच स्क्रू आवळायचा. बहुतेक शेतकऱ्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं येतं.

टाकीलाच भोक पडलं असेल तर मात्र घरी काही करू नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ भरलेली असते, आणि वेल्डिंगची ठिणगी लागली की ती फुटते. धुतली म्हणून ती सुरक्षित होत नाही. अशी टाकी या कामात मुरलेल्या माणसाकडे द्या, नाहीतर सरळ दुसरी घ्या. कॉक, पाइप आणि सुई एवढंच आपलं काम. बदललं नसेल तर यंदाचा गळीत हंगाम ऐन भरात येण्याआधी उरकून घ्या. एकदा ऊसतोड सुरू झाली की गाडीला सुट्टी मिळत नाही.