ओठांवर माउथपीस नेमके कुठे टेकवावे? पितळी वाद्ये शिकणाऱ्यांपुढील पेच

बीरगांव (छत्तीसगड) : रायपूरला लागून असलेल्या या औद्योगिक नगरातही, देशात इतरत्र दिसते त्याप्रमाणे, लग्नसराईत वरातीपुढे बँडपथके चालतात. पथकात नव्याने येणाऱ्या मुलाच्या हाती ट्रम्पेट पडते. ते ओठांवर कुठे टेकवावे, हे मात्र बहुधा शेजारच्या वादकाकडे पाहूनच शिकावे लागते. त्यातून चुकीची सवय जडली तर तिची किंमत ओठांना मोजावी लागते आणि वादकाची रोजी त्याच ओठांवर अवलंबून असते.

पितळी वाद्यात मूळ कंपन पितळेचे नसते. शंख किंवा तुतारीप्रमाणे येथेही ओठच कंप पावतात. सेकंदाला ४४० कंपनांचा स्वर हवा असेल तर ओठ तितक्याच वेळा उघडतात आणि मिटतात. ट्रम्पेटच्या माउथपीसचा आतील व्यास जेमतेम १६ ते १७ मिलिमीटर असतो. त्यामुळे स्थानातील किंचित फरकही स्वरात उमटतो.

या वर्तुळात कोणता ओठ किती असावा, यावर जाणकारांचे एकमत नाही. फ्रेंच कॉर्नेटवादक जाँ-बातिस्त आर्बां यांनी १८६४ च्या आपल्या ग्रंथात वरचा ओठ एक तृतीयांश आणि खालचा दोन तृतीयांश असावा, असे सांगितले. अमेरिकी हॉर्नवादक फिलिप फार्कस यांनी १९५६ मध्ये हॉर्नसाठी नेमके उलट प्रमाण दिले. वाद्ये भिन्न आहेत हे खरे. पण दातांची ठेवण, जबडा आणि ओठांची जाडीही प्रत्येकाची निराळी असते. गुरूने स्वतःचे स्थान शिष्यावर लादले की अडचण सुटण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक. माउथपीस मध्यापासून थोडे बाजूला असणे हा दोष नव्हे.

खरा दोष असतो तो कडा वरच्या ओठाच्या लाल, नाजूक भागावर टेकण्यात. ती त्याबाहेरच्या घट्ट भागावर टेकायला हवी. मात्र हा बदल ऐन हंगामात करू नये; नवी सवय रुळेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने, स्वर बिघडलेलाच राहतो. त्यासाठी पावसाळ्याचे रिकामे दिवस सोयीचे.

दुसरा दोष दाबाचा, आणि तोच अधिक आढळतो. उंच स्वर लागेना की विद्यार्थी वाद्य ओठांवर रेटतो. रक्तप्रवाह मंदावतो, ओठ बधिर होतात, स्वर आणखी बिघडतो आणि दाब पुन्हा वाढतो. ओठांचे कोपरे घट्ट, मधला भाग मोकळा आणि श्वास भरपूर असेल तर इतक्या दाबाची गरज पडत नाही. वाद्य तळहातावर नुसते ठेवून, न पकडता, मधला स्वर वाजवून पाहिला तरी दाबाची सवय लगेच उघडी पडते.

विख्यात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांनाही ओठांच्या दुखापतीमुळे १९३५ च्या सुमारास काही महिने वादन थांबवावे लागले होते. ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याच्या विकाराला १९८२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्याच टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ असे नाव मिळाले.

सरावात जितका वेळ वाजवावे तितकाच विसावा घ्यावा. ओठ सुजले किंवा स्वर फाटू लागला तर त्या दिवशी वाद्य खाली ठेवावे. तासन्‌तास चालणाऱ्या वरातीत एकट्याला हे जमणे कठीण. म्हणून उंच स्वरांचा भाग वादकांनी आळीपाळीने वाटून घेणे इष्ट.