गर्भाचे पोषण आणि प्रथिने

घरात सून गरोदर असली म्हणजे ‘आता दोन जिवांचे खायला हवे’ असे वडीलधारी मंडळी तिला सांगतात. ‘फार खाऊ नये, मूल मोठे होते आणि बाळंतपण अवघड जाते’ असा सल्लाही पुष्कळदा त्याच घरात दिला जातो. या दोन सूचनांच्या कात्रीत सापडलेली गर्भवती बहुधा सर्वांच्या मागून जेवायला बसते. तिच्या पानात भात पुरेसा पडतो. वरण मात्र भांड्याच्या तळाशी राहिले असेल तेवढेच. तळाशी राहिलेल्या या वरणाचा गर्भाच्या घडणीशी फार जवळचा संबंध आहे.

वरणातील ज्या घटकाला आज प्रथिन म्हणतात, त्याला युरोपात ‘प्रोटीन’ हे नाव १८३८ साली मिळाले. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी ते सुचविले आणि हॉलंडचे मुल्डर यांनी ते रूढ केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अग्रस्थानी असलेले’ असा आहे, आणि हे नाव अगदी सार्थ आहे. स्नायू, त्वचा, रक्त, पाचक रस या साऱ्यांच्या घडणीत प्रथिनांचाच मोठा वाटा असतो. सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी निरनिराळ्या क्रमाने ओवले म्हणजे निरनिराळी प्रथिने तयार होतात. यांपैकी नऊ अमिनो आम्ले शरीराला स्वतः बनविता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात.

मातेने खाल्लेल्या डाळीतील वा दुधातील प्रथिन जसेच्या तसे गर्भापर्यंत जात नाही. पचनात त्याची माळ तुटून मणी सुटे होतात आणि ते मातेच्या रक्तात मिसळतात. गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली वार हे मणी उचलून गर्भाच्या रक्तात सोडते. हे काम केवळ पाझरण्याचे नव्हे. बहुतेक अमिनो आम्लांचे प्रमाण मातेच्या रक्तापेक्षा गर्भाच्या रक्तात अधिक असते. म्हणजे विहिरीतून पाणी उपसावे, तशी शक्ती खर्च करून वार ती वर चढविते. पुढे गर्भ आपल्या आनुवंशिक आराखड्यानुसार त्यांची नवी माळ गुंफतो.

गर्भाच्या बाजूने निर्माण होणाऱ्या प्रथिनांत काही मोठी विलक्षण आहेत. गर्भ रुजताच त्याच्या भोवतालच्या पेशी एक प्रथिनयुक्त संप्रेरक मातेच्या रक्तात सोडतात. त्याच्या योगाने मासिक पाळी थांबते आणि गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते. लघवीच्या तपासणीवरून दिवस गेल्याचे कळते, ते याच संप्रेरकामुळे. गर्भाच्या रक्तातील हीमोग्लोबिनही प्रौढांच्या हीमोग्लोबिनाहून वेगळे असते. ते प्राणवायूला अधिक घट्ट धरून ठेवते, म्हणून मातेच्या रक्तातील प्राणवायू ओढून घेणे त्याला साधते.

मातेकडून अखंड स्वरूपात मिळणारे एक प्रथिन मात्र आहे, आणि ते म्हणजे रोगप्रतिकारक प्रतिपिंडे. मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत वार ती गर्भाकडे पोहोचविते. गर्भवतीला धनुर्वाताची लस दिली असता जन्मणाऱ्या मुलाचेही रक्षण होते, ते यामुळेच. भारतातून नवजात शिशूंच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले. त्या यशात सुरक्षित प्रसूतीच्या बरोबरीने या लसीचा मोठा वाटा आहे.

आता प्रश्न प्रमाणाचा. सातव्या महिन्याच्या सुमारास साधारणपणे एक किलो असलेला गर्भ पुढील तीन महिन्यांत जवळजवळ तिप्पट होतो. साहजिकच प्रथिनांची गरजही तेव्हाच सर्वांत वाढते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला एरवी रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. गर्भारपणाच्या दुसऱ्या तिमाहीत त्यांत साडेनऊ ग्रॅमची आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅमची भर पडावी लागते.

यावरून प्रथिने जितकी अधिक तितके मूल सुदृढ, असा निष्कर्ष कोणी काढील. पण तो चुकीचा ठरेल. न्यूयॉर्कमधील हार्लेम या गरीब वस्तीतील गर्भवतींना १९७०च्या दशकात रोज ४० ग्रॅम जादा प्रथिने असलेले पेय देऊन पाहण्यात आले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा लाभ दिसला नाही. उलट फार लवकर होणाऱ्या अकाली प्रसूती आणि त्यांतून होणारे बालमृत्यू त्या गटात अधिक आढळले. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली कुपोषित समाजांतील गर्भवतींसाठी उष्मांक व प्रथिने यांचा समतोल राखणाऱ्या पूरक आहाराची शिफारस केली, मात्र अतिप्रथिनयुक्त पूरकांची केली नाही. समतोलाचे कारण सोपे आहे. जेवणच अपुरे असेल, तर शरीर प्रथिने बांधकामाला न वापरता सरपणासारखी जाळून टाकते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३पासून जवळच्या सहा खेड्यांत केलेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील नवजात शिशूंचे सरासरी वजन सुमारे पावणेतीन किलो भरले. उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची. चरबी त्या मानाने टिकून होती. शिवाय मातेच्या आहारातील उष्मांकांच्या व प्रथिनांच्या नुसत्या बेरजेपेक्षा तिला पालेभाज्या, फळे आणि दूध किती मिळते, याचा बाळाच्या वाढीशी अधिक संबंध दिसला. वीट कितीही चांगली असली तरी चुन्यावाचून भिंत उभी राहत नाही, तसाच हा प्रकार.

समतोल आहारासाठी महागड्या डब्यांची आवश्यकता नाही. तांदूळ, गहू, ज्वारी यांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत मेथिओनीन कमी. दोन्ही एकत्र आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. वरण-भात असो, पिठले-भाकरी असो, उत्तरेतील राजमा-चावल असो की दक्षिणेतील इडली-सांबार, या जोड्यांत भारतातील स्वयंपाकघरांनी हेच साधले आहे. वाटीभर वरणापुरती ३० ग्रॅम डाळ, एक मोठा पेला दूध आणि मूठभर शेंगदाणे यांतून सुमारे २२ ग्रॅम प्रथिने मिळतात. जेथे अंडी व मासे चालतात तेथे हे आणखी सोपे होते. मूत्रपिंडाचा विकार अथवा रक्तदाब असलेल्या गर्भवतीने मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आहार ठरवावा.

तेव्हा दोन जिवांचे खाणे म्हणजे दुप्पट खाणे नव्हे, आणि मूल लहान राहावे म्हणून पोट मारणे तर नव्हेच. गर्भाची घडण थांबवून ठेवता येत नाही. त्या महिन्यांत जे मिळाले नाही, ते पुढे पुरतेपणी भरून निघेलच असे नाही. म्हणून गर्भवतीचे पान सर्वांबरोबर मांडले जावे आणि वरणाची पहिली वाटी तिच्या पानात पडावी. घराला न झेपणारे असे यात काहीच नाही.