घर उजळतं, बिल दिसत नाही

भिंत पाडण्याचा प्रसंग नसलेला घराच्या नूतनीकरणाचा कार्यक्रम सहसा सापडत नाही. घरमालकाच्या हातात घण, डोळ्यांवर गॉगल, पहिल्या घावाला टाळ्या. मग संगीत, भराभर पुढे पळणारी दृश्यं आणि जाहिरातींनंतर थेट चकचकीत स्वयंपाकघर. ज्यांनी राहत्या फ्लॅटचं बाथरूम फोडून घेतलंय, त्यांना मधला गाळलेला भाग तोंडपाठ असतो. सोसायटीची परवानगी, दुपारची ठोकाठोक-बंदी, जिन्यावरून खांद्यावर उतरणाऱ्या डेब्रिजच्या गोण्या आणि ‘उद्या नक्की येतो’ म्हणून गेलेला प्लंबर.

तरीही हे कार्यक्रम मी आवडीने बघते. माहितीपटही तेवढ्याच आवडीने. माहितीपट म्हणजे खरं आणि घर सजवण्याचे कार्यक्रम म्हणजे बनाव, ही सरधोपट वाटणी मात्र मला पटत नाही. कात्री दोन्हीकडे चालते. बघताना मी दोनच प्रश्न विचारते. याला वेळ किती लागला? आणि पैसे कुणी दिले?

घराच्या नूतनीकरणाच्या कार्यक्रमांची सुरुवात बरीच सरळ होती. अमेरिकेत १९७९ साली बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीने ‘धिस ओल्ड हाऊस’ सुरू केलं. निर्माता रसेल मोरॅश, सूत्रसंचालक बॉब व्हीला आणि सुतार नॉर्म एब्रम. पहिला अख्खा हंगाम डॉर्चेस्टर भागातल्या एकाच जुन्या घरावर खर्च झाला. ते घर वाहिनीनेच विकत घेतलं होतं. लाकूड कुठे कुजलंय, नळाची जोडणी कशी करायची, छपराचं काय करायचं, हाच त्यातला मुख्य मजकूर. बघणाऱ्याला घरापेक्षा काम जास्त कळायचं.

१९९६ मध्ये बीबीसीवर ‘चेंजिंग रूम्स’ आलं आणि भर कामावरून चेहऱ्यावर गेला. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांची एकेक खोली बदलायची. मुदत दोन दिवस, खर्च पाचशे पौंड. शेवटी घरधन्याने डोळे उघडायचे आणि कॅमेऱ्याने त्याचा चेहरा टिपायचा. आनंद असो की धक्का, कार्यक्रमाला दोन्ही चालायचं. एका भागात डिझायनरने टांगलेलं शेल्फ कोसळलं आणि त्यावर मांडलेल्या जुन्या, हौसेने जमवलेल्या किटल्यांचा चुरा झाला. लोकांना त्या कार्यक्रमातलं आजही हेच आठवतं. दोन दिवसांत केलेल्या सुतारकामाबद्दल याहून प्रामाणिक भाष्य दुसरं कुठलं असणार?

दोन दिवसांत खोली होते म्हटल्यावर सात दिवसांत घर का नाही? २००३ ते २०१२ या काळात अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन’ने ते करून दाखवलं. अडचणीतलं कुटुंब, शेकडो स्वयंसेवक आणि आठवड्यात उभा राहिलेला मोठा बंगला. समोर आडवी उभी केलेली बस बाजूला सरकली की नवं घर दिसायचं आणि सगळे रडायचे. कॅमेरा निघून गेल्यावर मात्र मोठ्या घराचा मोठा मालमत्ता कर आणि देखभालीचा खर्च मागे उरायचा. काही कुटुंबांना तो झेपला नाही. काहींनी घरं विकली, काहींची कर्जापायी गेली. तो भाग पडद्यावर आला नाही, बातम्यांतून कळला.

‘फिक्सर अपर’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. टेक्सासमधल्या वेको शहरातलं चिप आणि जोआना गेन्स हे जोडपं २०१३ पासून जुनी घरं देखणी करू लागलं. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या घरांच्या भिंतींत ते असू शकतं. भिंत फोडली की त्याची धूळ उडते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती घातक ठरते. म्हणून अशा घरात काम करायचं तर प्रशिक्षित माणसं लागतात, कामाची जागा आच्छादून वेगळी करावी लागते, धूळ रोखावी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या कार्यक्रमाचं चित्रीकरण पाहिलं, तेव्हा तशी काळजी त्यात दिसली नाही. २०१८ मध्ये गेन्स यांच्या कंपनीने चाळीस हजार डॉलर दंड भरण्याचं आणि वेकोतल्या घरांमधला शिशाचा धोका दूर करायला एक लाख साठ हजार डॉलर खर्चण्याचं मान्य केलं. ज्या घणाच्या घावावर टाळ्या पडतात, तोच क्षण पुरावा ठरू शकतो. प्लास्टिकची आच्छादनं लावणं कंटाळवाणं दिसतं, पण खरं नूतनीकरण तिथूनच सुरू होतं.

आता माहितीपटाकडे वळू. रॉबर्ट फ्लाहर्टीचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) हा या प्रकाराचा आद्य नमुना मानला जातो. त्यातलं बर्फाचं घर एका बाजूने उघडं ठेवून बांधलं होतं, कारण त्या काळच्या कॅमेऱ्याला आत पुरेसा उजेड मिळत नव्हता. म्हणजे चित्रीकरणासाठी घर फिरवून बांधण्याची युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’मध्ये (२०११) ध्रुवीय अस्वलीण आणि तिची नवजात पिल्लं गुहेत दिसली, ती नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयात टिपलेली होती. रानातल्या गुहेत कॅमेरा नेला असता तर पिल्लांच्या जिवावर बेतलं असतं, त्यामुळे त्या निवडीत मला गैर वाटत नाही. मात्र पडद्यावरच तसं सांगितलं असतं तर काहीच बिघडलं नसतं.

घरांपुरतं बोलायचं तर सगळ्यात महत्त्वाचा माहितीपट १९३५ चा आहे: आर्थर एल्टन आणि एडगर एन्स्टी यांचा ‘हाऊसिंग प्रॉब्लेम्स’. लंडनच्या स्टेपनी भागातली गरीब माणसं आपल्या खोल्यांत उभी राहून कॅमेऱ्याशी थेट बोलतात. भिंती कशा कलल्यात, घुशी कशा फिरतात, हे ती स्वतः सांगतात. मग नव्या, हवेशीर घरांची दृश्यं येतात. आधी असं, नंतर तसं! आजच्या कार्यक्रमांचा साचा इथे तयार सापडतो. आणि पैसे? ते ब्रिटनमधल्या गॅस उद्योगाच्या संघटनेचे होते. नवं घर म्हणजे नवी शेगडी. त्यामुळे त्या बायाबापड्यांचं बोलणं खोटं ठरत नाही. पण उपाय म्हणून नेमकं काय दाखवलं जातं, ते कळतं. आपल्याकडे एशियन पेंट्स प्रसिद्ध व्यक्तींची घरं दाखवणारी मालिका काढतं, तेव्हा नजर भिंतीच्या रंगावर का रेंगाळते, हे सांगायला नको.

पन्नास वर्षांनी, १९८५ मध्ये, आनंद पटवर्धन यांनी ‘हमारा शहर’ हा माहितीपट केला. मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जातात, तेव्हा भिंत पडण्याचं दृश्य इथेही आहे. त्यावर टाळ्या मात्र कुणी वाजवत नाही. शहराच्या इमारती ज्यांच्या श्रमांवर उभ्या राहतात, त्यांनाच छप्पर नाही, हा हिशेब तो मांडतो. घर सजवण्याच्या कार्यक्रमांत गवंडी, बिगारी, रंगारी हे भराभर पळणाऱ्या दृश्यांतले हात असतात. त्यांची मजुरी, त्यांची मुक्कामाची जागा यांवर वाक्यही नसतं.

या दोन्ही घराण्यांचं चांगलं रक्त ज्यात उतरलंय, तो ‘ग्रँड डिझाइन्स’. ब्रिटनच्या चॅनल ४ वर तो १९९९ पासून चालू आहे. सूत्रसंचालक केव्हिन मॅक्लाऊड घर बांधणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारतो: बजेट किती, राहायला कधी येणार? मग तो महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं परत येत राहतो. पावसाने काम थांबलेलं असतं, पैसे संपलेले असतात, मालक ऐन थंडीत कॅरॅव्हॅनमध्ये राहत असतो. २०१९ मध्ये उत्तर डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या दीपगृहासारख्या घराचा भाग दाखवला गेला, तेव्हा कर्ज डोक्यावर आणि घर अर्धवट होतं. दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाने तो भाग कपाटात टाकला असता. माझ्या मते तो त्या मालिकेतला सगळ्यात उपयोगी भाग आहे, कारण घर बांधायला निघालेल्या माणसाला त्यातून काही शिकता येतं.

मराठीत असा कार्यक्रम कुणी काढणार असेल, तर प्रेक्षक म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. कोनशिला, वास्तुशांत, फीत कापणं, काही दाखवू नका. दोन पावसाळे जाऊ द्या. मग कॅमेरा घेऊन आधी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जा आणि त्यांच्या छताला ओल आहे का ते बघा. त्यानंतर वर या आणि कंत्राटदाराचं पहिलं कोटेशन व शेवटचं बिल शेजारी शेजारी ठेवून दाखवा. नवा सोफा दाखवायला वेळ उरला, तर तोही दाखवा.