ओव्हरऑइलिंग आणि इतर गैरसमज

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर ‘ओव्हरऑइलिंग करून मिळेल’ अशी पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. म्हणजे सायकल पूर्ण खोलायची, धुवायची, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा जोडायची. आपल्या तोंडात बसता बसता त्यात तेल शिरलं. भाषेचं त्याने काही बिघडलं नाही, पण माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या सायकलींचं मात्र बिघडतं. वीस-तीस वर्षं पडून असलेली सायकल अंगणात आली की घरातला उत्साही माणूस पहिल्यांदा तेलाची कुपी शोधतो. हबमधलं ग्रीस तोवर मेणासारखं सुकलेलं असतं आणि त्यात धूळ बसलेली असते. वरून तेल सोडलं की त्याची खरड तयार होते, आणि चाक फिरवलं की ती छर्रे आणि वाटी दोन्ही घासत राहते. आधी खोला, रॉकेलने धुवा, वाटीला खड्डे पडलेत का ते बोटाने चाचपा, मग नवं ग्रीस. तेलाचा नंबर शेवटी, तोही चेन आणि फ्रीव्हीलपुरता.

छर्ऱ्यांचंही एक आहे. वाटीत मावतील तेवढे छर्रे भरले की चाक ‘मक्खन’ फिरतं, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. छर्रे गच्च बसले तर ते फिरत नाहीत, एकमेकांवर घासतात. जुन्या इंग्लिश पद्धतीच्या सायकलीत पुढच्या हबला प्रत्येक बाजूला 3/16 इंचाचे 10, मागच्या हबला पाव इंचाचे 9 आणि पायडलच्या अॅक्सलला दोन्हीकडे पाव इंचाचे 11 हा नेहमीचा हिशेब. शेवटी एका छर्ऱ्यापेक्षा थोडी कमी जागा मोकळी दिसली पाहिजे. आणि जुने-नवे छर्रे एकत्र करू नयेत. नवा अंशभर मोठा असतो आणि सगळा भार तोच घेतो.

‘गंजलंय ना, पॉलिश पेपर मारा.’

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वडिलांच्या सायकलच्या हँडलवर तांबूस ठिपके होते. एका रविवारी मी पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि दुपारपर्यंत हँडल चकाचक केलं. पावसाळ्याचे पंधरा दिवस गेले आणि ठिपक्यांच्या जागी सलग गंज आला. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो. त्याच्याखाली निकेल असतं आणि त्याखाली लोखंड. गंज क्रोमला चढत नाही, तो खालच्या लोखंडाला चढतो आणि क्रोमच्या बारीक छिद्रांतून वर डोकावतो. मी ठिपक्यांसोबत क्रोमही खरवडून काढलं होतं.

क्रोमवरच्या ठिपक्यांना अॅल्युमिनियमच्या फॉइलचा चुरगळलेला बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. गंज खोल असेल तर ऑक्झॅलिक आम्ल. प्लास्टिकच्या टबात लिटरभर पाण्याला चहाचे दोन चमचे पूड टाकायची, सुटा भाग त्यात काही तास ठेवायचा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडा करायचा. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे घाला, काम उघड्यावर करा आणि तो टब पुन्हा घरात वापरू नका. अॅल्युमिनियमचे भाग आणि चामडी सीट यापासून लांब.

आणि सगळं चकाकणारं क्रोमच असतं असंही नाही. सायकलींवर क्रोम आलं ते साधारण 1930च्या आगेमागे. त्याआधीच्या सायकली निकेलच्या, जराशा पिवळसर, उबदार झाकेच्या. 1920च्या दशकातल्या सायकलला निळसर क्रोम चढवून आणलं की ती सायकल जाणकाराला विग घातलेल्या आजोबांसारखी दिसते.

‘अडलं की हातोडा.’

जुन्या सायकलचे नट-बोल्ट जाम होतात हे खरं, पण निम्मे वेळा ते जाम नसतात, आपण ते उलटे फिरवत असतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ब्रिटिश पद्धतीच्या सायकलीत चेनच्या बाजूची अॅक्सलची वाटीही उलट्या आट्यांची. तिथे नेहमीच्या दिशेने जोर लावणं म्हणजे ती आणखी आवळणं.

हातोडा लागतो तो क्रँकला अॅक्सलवर पक्कं धरणाऱ्या कॉटर पिनला, पण तिथेही रीत आहे. नट पूर्ण काढायचा नाही. तो पिनच्या टोकाशी येईपर्यंत सैल करायचा, म्हणजे आटे वाचतात. क्रँकखाली जमिनीपर्यंत पोचणारा जाड पाइपचा तुकडा टेकवायचा, पिनचं डोकं पाइपच्या पोकळीत येईल असा. मग एकच ठोका, पण नेमका आणि सणसणीत. भीत भीत दिलेल्या वीस टपल्यांनी पिन फुलते आणि मग ड्रिलशिवाय निघत नाही. टेकू दिला नाही, तर ठोक्याचा सगळा मार छर्ऱ्यांवर जातो. बसवताना दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घाला, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडल्यासारखी चालते. दहा-बारा किलोमीटर फिरून झालं की नट पुन्हा आवळा.

‘टिकटिक वाजतं, गिअर गेला.’

मागच्या हबमध्ये स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर असलेली सायकल हाती आली, तर तिची टिकटिक ऐकून हब फेकून देऊ नका. या कंपनीचा एडब्ल्यू हा हब 1936 साली आला आणि तो वर्षानुवर्षं बनत राहिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला त्यातून टिकटिक येणारच, कारण आतले ‘कुत्रे’, म्हणजे दातांत अडकणारे खटके, दातांवरून घसरत असतात. पहिल्या गिअरला तो गप्प असतो. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये पायडल एकदम मोकळं सुटत असेल, तर बहुतेक वेळा हब बिघडलेला नसतो, केबलचा ताण चुकलेला असतो. अॅक्सलमधून बाहेर येणाऱ्या बारीक साखळीवर तो जुळवता येतो. या हबच्या आत जाड ग्रीस भरू नका, कुत्रे चिकटून बसतात. हबवर झाकणाचं एक छोटं छिद्र असतं, त्यातून पातळ तेल सोडायचं. ओव्हरऑइलिंगवाल्यांना एवढी एक जागा मी मोकळी सोडतो.

या हबवर बहुधा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. ते बघून लोक सायकलची जन्मतारीख सांगतात. ती हबची तारीख असते. चाक मधल्या काळात बदललेलं असू शकतं.

‘रॅले म्हणजे विलायती.’

आमच्या घरीही हीच समजूत होती. हँडलखालचा बिल्ला साफ केला तेव्हा त्यावर ‘इंडिया’ ही अक्षरं निघाली. 1950च्या दशकापासून पश्चिम बंगालमधल्या आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यात या सायकली बनत. वडिलांना मी हे सांगितलं नाही. हर्क्युलिसचंही तसंच. कंपनी मूळची बर्मिंगहॅमची, पण मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स 1949 साली सुरू झाली आणि आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक हर्क्युलिस तिथल्या. ओळख पटवायची तर पायडलजवळचं मोठं चक्र बघावं. रॅलेच्या चक्रात बगळ्यांच्या माना कापलेल्या असतात, बीएसएच्या चक्रात ‘बीएसए’ ही इंग्रजी अक्षरं, हंबरच्या चक्रात हातापायांनी जोडलेली माणसं. चक्र मात्र बदलता येतं, तेव्हा फ्रेमवर ठोकलेला नंबरही शोधा. तो सीटच्या नळीजवळ किंवा अॅक्सलच्या खोबणीखाली असतो.

म्हणूनच पावडर कोटिंगला माझा विरोध आहे. तो थर जाड बसतो, नंबराची खोबण भरून जाते, सांध्यांच्या नाजूक कडा गोल होतात आणि हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा तर कायमच्या जातात. काळा एनॅमल निस्तेज झाला असेल तर आधी सौम्य पॉलिश आणि मेण लावून बघा. खालून निघणारा काळा रंग बाजारातल्या कुठल्याही डब्यात मिळत नाही. ओरखडे राहिले तर राहू द्यावेत. अर्थात फ्रेमला चीर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पितळी झाळकाम जाणणारा माणूस शोधा, वेल्डिंगवाला नको.

चामडी सीट खोबरेल तेलात भिजवण्याचा सल्ला तर हमखास मिळतो. चामडं लोण्यासारखं मऊ होतं आणि मग बसणाऱ्याच्या वजनाने झोळी होते. चामड्याचं मेण बोटाने अगदी थोडं लावलं तरी पुरतं.

टायर घेताना ‘28 इंची द्या’ एवढं सांगून भागत नाही. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचं 28 × 1½ माप रिमवर 635 मिलीमीटर भरतं. हल्लीच्या 700सी टायरचं माप 622, म्हणजे तो चढतच नाही. 26 इंचीत फरक याहून मोठा आहे. जुनं 26 × 1⅜ म्हणजे 590, तर माउंटन बाइकचं 26 म्हणजे 559. टायरच्या कडेला छापलेला मिलीमीटरचा आकडा वाचूनच पैसे द्या.

आणखी एक. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या अॅक्सलच्या वाट्यांना इंचाला 26 आटे असतात, दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या वाट्यांना 24. जुनी वाटी भंगारात गेली की तिच्या जागी दुसरी बसत नाही. खोलायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि निघालेला प्रत्येक नट, वॉशर, वाकडा कॉटर आणि झिजलेली वाटी, सगळं नावं लिहून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवा.