स्थानिक स्वराज्य संस्थांतील जागल्या : कर्तव्य आणि संरक्षण यांतील अंतर

इंग्रजीतील ‘व्हिसलब्लोअर’ या संज्ञेसाठी मराठी वृत्तपत्रांनी ‘जागल्या’ हा शब्द रूढ केला. गावगाड्यातील जागल्या हा रात्री पहारा देणारा गावाचाच चाकर होता. पालिकेतील लिपिक, जिल्हा परिषदेतील लेखा कर्मचारी, शाखा अभियंता किंवा ग्रामसेवक हेही व्यवस्थेच्या आत राहून तिच्यावर नजर ठेवू शकतात. त्या दृष्टीने हा शब्द समर्पक आहे. फरक एवढाच, की गावाच्या जागल्याने हाक देणे हे गावाला अपेक्षित असे.

स्थानिक संस्थांतील अपहार बहुधा कागदावर घडतो. न झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत घेतली जाते. एकच रस्ता दोन योजनांत दाखवून दोन देयके काढली जातात. निविदेची मर्यादा चुकविण्यासाठी एका कामाचे तुकडे पाडले जातात, हजेरीपटावर कामावर नसलेल्यांची नावे चढतात. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे पथक येते ते व्यवहार पूर्ण झाल्यानंतर, आणि त्याच्यासमोर असतो तो परस्परांशी जुळणारा कागद. खडी किती जाडीची पडली हे ज्याने प्रत्यक्ष पाहिले तो कर्मचारीच खरा साक्षीदार असतो. त्यामुळे त्याने बोलावे की नाही हा त्याच्या वैयक्तिक सद्सद्विवेकापुरता प्रश्न राहत नाही.

कायद्याची या बाबतीतील भूमिका अनेक कर्मचाऱ्यांना माहीत नसते. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३९ मध्ये काही गंभीर गुन्ह्यांची यादी होती. तिच्यातील गुन्हा घडल्याचे कळल्यास दंडाधिकारी किंवा पोलीस यांना खबर देणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक होते. लोकसेवकाने केलेला फौजदारी स्वरूपाचा विश्वासघात, म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम ४०९, त्या यादीत समाविष्ट होते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्येही हे बंधन कायम आहे. खबर न देण्यास वाजवी सबब होती हे सिद्ध करण्याचा भारही त्या व्यक्तीवरच टाकलेला आहे. ताब्यातील सार्वजनिक निधीचा अपहार झाल्याचे माहीत असून गप्प बसणे हे, निदान कागदावर, निर्धोक नाही.

दुसरीकडे सेवेचे वर्तणूक नियम कार्यालयीन माहिती अनधिकृतपणे बाहेर देण्यास मनाई करतात. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी असे नियम १९६७ पासून आहेत. पोलिसांना खबर देणे ही कायद्याची आज्ञा असल्याने तो नियमभंग ठरू नये. परंतु वृत्तपत्राकडे गेलेली छायाप्रत शिस्तभंगाच्या कारवाईला सहज निमित्त पुरविते.

संरक्षणाचा विचार भारतात नव्याने सुरू झालेला नाही. विधी आयोगाने डिसेंबर २००१ मधील १७९ व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारस केली होती. त्यानंतर सत्येंद्र दुबे प्रकरण घडले. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील या अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहारांविषयी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयास पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासह खालच्या कार्यालयांत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. तो लुटीच्या प्रयत्नात झाला, असे केंद्रीय अन्वेषण विभागाचे म्हणणे होते. हेतूविषयी मतभेद असले, तरी गोपनीयतेची विनंती पाळली गेली नाही ही गोष्ट उरतेच.

या प्रकरणानंतर केंद्र सरकारने २१ एप्रिल २००४ रोजी ठराव करून अशा तक्रारी गुप्तपणे स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविले. मात्र या ठरावाची व्याप्ती केंद्राची खाती, केंद्रीय उपक्रम आणि केंद्राच्या नियंत्रणाखालील संस्थांपुरती आहे. महाराष्ट्रातील नगरपरिषदेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याने आयोगाला पत्र पाठविल्यास त्याला हे संरक्षण मिळत नाही.

ही उणीव जागल्या संरक्षण अधिनियम, २०१४ भरून काढू शकला असता. राज्य व स्थानिक प्राधिकरणांचे लोकसेवक त्याच्या कक्षेत येतात. तक्रारदाराची ओळख उघड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे, आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यासही शिक्षा आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केलेली कारवाई सूडाची नव्हती हे सिद्ध करण्याचा भार कार्यालयावर टाकलेला आहे. राष्ट्रपतींची संमती मे २०१४ मध्ये मिळाली. पण कायदा अमलात आणण्याची अधिसूचना निघाली नाही. २०१५ मध्ये लोकसभेने संमत केलेले, तक्रारीच्या विषयांवर मोठ्या मर्यादा घालू पाहणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये व्यपगत झाले. मूळ कायदा मात्र अधिसूचनेअभावी तसाच पडून आहे.

तोवर कर्मचाऱ्याच्या हाती उरतात ते मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा आयुक्त, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग (दूरध्वनी १०६४), लोकायुक्त आणि पोलीस. निनावी अर्ज बहुधा दप्तरी दाखल होतो. नाव घालून केलेल्या अर्जाने धोका वाढतो. अर्जात ठराव क्रमांक, देयक क्रमांक, दिनांक व रक्कम असावी. जे स्वतः पाहिले ते आणि जो तर्क केला तो यांची सरमिसळ नसावी. मूळ कागद नेण्याऐवजी तो कोणत्या नस्तीत आहे हे सांगणे अधिक सुरक्षित, कारण तपास अधिकारी तो स्वतः ताब्यात घेऊ शकतो. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(छ) नुसार गुन्ह्याच्या कामी विश्वासाने माहिती देणाऱ्याची ओळख उघड होईल अशी माहिती नाकारता येते. अर्जदाराने गोपनीयतेची मागणी अर्जातच लिहिल्यास या तरतुदीचा आधार बळकट होतो.

सूड सहसा उघडपणे उगवला जात नाही. बदली, टेबल काढून घेणे, जुन्या किरकोळ त्रुटीवरून विभागीय चौकशी, गोपनीय अहवालातील शेरा अशी त्याची रूपे असतात आणि प्रत्येकाला ‘प्रशासकीय कारण’ जोडलेले असते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यास प्रशासकीय न्यायाधिकरणाचा दरवाजा खुला असतो. जिल्हा परिषदेचा कर्मचारी विभागीय आयुक्तांकडील अपील किंवा उच्च न्यायालय याच वाटेने जातो. तेथे त्याचे मुख्य बळ म्हणजे तारखांचा क्रम : अर्ज कधी आवक झाला, आणि आदेश किती दिवसांनी निघाला. आवक क्रमांक असलेली पोच जपून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.