बैठकीवरून होणारी पारख

आलेल्या माणसाला कुठपर्यंत आत घ्यायचे, हे मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत घराच्या बांधणीनेच ठरवून ठेवलेले असे. हैदराबाद संस्थानाच्या काळात, म्हणजे १९४८ पर्यंत, नांदेड-लातूर भागातील देशमुख, देशपांडे, पाटील अशा वतनदारांचे वाडे राहण्याबरोबरच कारभाराचेही ठिकाण असत. त्यामुळे दरवाजालगतच्या ढेलजेत कोणी थांबायचे, ओसरीवर कोणी टेकायचे आणि गादी-लोडांच्या बैठकीवर कोणाला बसवायचे, यावरून माणसाची जात, जमीन आणि पत एकदमच उघड होई. गावकुसाबाहेरच्यांच्या वाट्याला तर ढेलजही येत नसे. घरातील वस्तूंवरून माणूस जोखण्याच्या आजच्या सवयीला नवश्रीमंतीचा दोष म्हणून हिणवले जाते खरे, परंतु तिची मुळे या जुन्या प्रतवारीत आहेत.

किल्लारीच्या भूकंपानंतर तर ही प्रतवारी चौरस फुटांत मोजली गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जाड माळवद हे त्या भागात खात्यापित्या घराचे लक्षण मानले जाई; उन्हाळ्यात गारवा देणारे हेच ओझे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून झोपलेल्या माणसांवर कोसळले, तर कुडाच्या हलक्या घरांत राहणारे गरीब अनेक ठिकाणी बचावले. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सर्वाधिक हानी झालेली गावे नव्या जागी वसविताना घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरविण्यात आला: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५०. काही काळ पत्र्याच्या शेडमध्ये शेजारी-शेजारी राहिलेल्या गावाची उतरंड अशी पुन्हा रचली गेली आणि नव्या वसाहतींच्या सरळ आखीव रस्त्यांवरून जाणाऱ्याला नुसत्या घराच्या आकारावरून आतल्या माणसाची शेती ताडता येऊ लागली.

खर्चामागचा हेतू उपयोगापेक्षा ऐपत दाखविण्याचा असेल, तर त्याला ‘दिखाऊ उपभोग’ म्हणावे, असे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये सुचविले. लग्नमंडपात मांडलेले रुखवत आणि त्यातील प्रत्येक वस्तूची बायकांनी हात लावून केलेली तपासणी पाहता, मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. त्याहून अवघड गोष्ट फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय यांनी १९७९ मध्ये दाखविली: माणसाची आवडनिवड ही निव्वळ खासगी बाब नसून ती शिक्षण आणि घरातील वळण यांतून, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘सांस्कृतिक भांडवला’तून घडते, आणि तीच वर्गावर्गांतील भिंत बनते. स्टीलची भांडी आली, तेव्हा अनेक घरांनी आंघोळीच्या पाण्याचे पितळी घंगाळ मोडीत घातले. आज शहरी, सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यात तेच घंगाळ घासूनपुसून, पाण्यावर फुले सोडून ठेवलेले दिसते आणि शोकेसमधील प्लास्टिकच्या फुलांना तिथे नाके मुरडली जातात. पैशाचा ताठा निदान उघड असतो. अभिरुचीचा ताठा साधेपणाचे सोंग घेतो, म्हणून तो अधिक बोचरा म्हणावा लागेल.

सोयरीक जुळविताना मात्र ही पारख करमणुकीची राहत नाही. मुलीकडची मंडळी स्थळ पाहायला येणार म्हटले की भिंतींना रंग लागतो, प्रसंगी हप्त्यावर सोफासेट येतो, आणि पाहुणेही चहा घेता घेता फरशी, टीव्ही आणि दारातील गाडी नजरेखालून घालतात. मुलगी नांदायची असल्याने ही चौकशी अनाठायी म्हणता येत नाही. अडचण एवढीच की कर्ज बैठकीत दिसत नाही. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात बोजा म्हणून होते, आणि सातबारा आता मोबाइलवरही पाहता येत असल्याने, सोफ्यावर बसण्याआधीच बोजाची खातरजमा करून येणारे पाहुणेही असतात.