मराठीचं मीटर जोरात का पळतं?

मासिक वर्गणीचं गणित आज मांडणार होतो. ते राहू द्या. एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यांनी माझ्या फार आवडत्या दुखण्यावर बोट ठेवलंय. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. शेतकऱ्यांच्या प्रश्नांना व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देणारी सोय त्यांनी २०२३मध्ये जीपीटी-४ वर करून घेतली. इंग्रजीत चाचणी घेतली तेव्हा खर्च परवडत होता. मराठी सुरू केल्यावर बिल तिपटीच्या वर गेलं. प्रश्न तेच, उत्तरं तीच, मग जादा पैसे कशाचे?

टोकनांचे, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांचे. हे तुकडे कसे पाडायचे, ते मॉडेल घडण्याआधीच ठरतं. नमुन्याच्या मजकुरात जे बाइट पुन्हापुन्हा शेजारी येतात ते जोडून एक तुकडा. तिथे इंग्रजीचाच ढीग, त्यामुळे इंग्रजीचे रोजचे शब्द सबंधच्या सबंध एका टोकनात बसतात. आपलं दुखणं दुहेरी. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं. एकटा 'क्ष' नऊ बाइट खातो! त्यात नमुन्यात मराठी कमी, म्हणून जोडण्याही कमी. शब्दाचा पार भुगा होतो, आणि मीटर भुग्याचे कण मोजतं.

मे २०२४मध्ये जीपीटी-४ओ आणताना ओपनएआयने तुकडे पाडण्याची रीत बदलली आणि एकाच मजकुराचे वीस भाषांतले आकडे दिले. मराठीत आधी ९६ टोकन लागत, आता ३३. इंग्रजीत २७ होते, ते २४ झाले. शिवाय दरही उतरला: उत्तराच्या दहा लाख टोकनांना जीपीटी-४ साठी ६० डॉलर पडत, ४ओ साठी सुरुवातीला १५. दोन्ही मिळून हिशेब करा. तेच उत्तर इंग्रजीत साडेचार पटींनी स्वस्त झालं, मराठीत साडेअकरा पटींनी! दरपत्रकात यातलं फक्त चौपट दिसतं. गिऱ्हाइकाकडून घ्यायचं ते ठरावीक आणि कंपनीला द्यायचं ते टोकनवर, असा ज्याचा धंदा आहे, त्याचा नफा याच फटीत असतो.

काही जण मॉडेलला द्यायच्या सूचना इंग्रजीत लिहून पैसे वाचवतात. चांगली युक्ती आहे, पण पुरी पडत नाही. सूचना मॉडेल एका दमात वाचतं, उत्तर मात्र एकेक टोकन करून घडवतं. म्हणून उत्तराचा दर चढा, आणि शेतकऱ्याला उत्तर मराठीतच हवं.

तेव्हा पत्रलेखकांना माझं सांगणं एवढंच: दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवून मॉडेल निवडू नका, दोघांची टोकनं सारखी नसतात. गिऱ्हाइकांचे खरे शंभर प्रश्न दोन्हीकडे चालवा आणि एका उत्तराला किती पडले ते काढा. विचार करून उत्तर देणारं मॉडेल घेतलंत, तर ते मनातल्या मनात जे पुटपुटतं त्याचीही टोकनं उत्तराच्याच दराने लागतात. त्या पुटपुटण्यावर पुढचा सबंध लेख खर्ची पडणार, असं दिसतंय. वर्गणी त्यानंतर.